शून्य अंशावरची सावली

१

माझं काम दिवसभर पांढरं बघण्याचं होतं.

सकाळी सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीतून निघायचं, उधना दरवाज्याला शेअर ऑटो बदलायची, संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर चपला काढून खोलीत शिरायचं आणि संगणक सुरू करायचा. शनीभोवती वर्षानुवर्षं फिरून शेवटी त्याच्यातच जळून गेलेल्या एका यानाने काढलेली चित्रं आता कुणालाही बघता येतात. त्यातली बर्फाळ चंद्रांची चित्रं मी एकेक करून उघडायचे आणि त्यांच्या पृष्ठभागावरून किती उजेड परत येतो ते मोजायचे. माझ्या वाट्याला एन्सेलाडस आला होता. सूर्यमालेत त्याच्याएवढं पांढरं दुसरं काही नाही. अंगावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड तो परत देऊन टाकतो.

लोकांना हे काम फार भारी वाटतं. खरं म्हणजे ते तांदूळ निवडण्यासारखं आहे. चित्रातले खोटे ठिपके वेचून टाकायचे, कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ हिशेबातून वजा करायची, सूर्य कुठून येतोय ते बघायचं आणि मग उरलेलं पांढरं किती खरं ते ठरवायचं. डोकं शांत राहतं. त्या वर्षी मला तेच हवं होतं.

माझा धाकटा भाऊ योगराज इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर होता. रात्रपाळी संपवून मोटरसायकलने घरी येताना हजीरा रोडवर धुक्यात त्याला ट्रकने उडवलं. तेव्हापासून घरात मी आणि माय, दोघीच. वडील त्याआधीच गेले होते. ते यंत्रमागावर कामाला होते; धुडकू मागवाला म्हणून गल्लीत अजून त्यांचं नाव निघतं. माय, म्हणजे उषाबाई, योगराज गेला तेव्हा रडली नाही. बायका आल्या, त्यांनी गळा काढला, हिला हलवून हलवून रडवायचा प्रयत्न केला. ही नुसती दाराकडे बघत बसली. वर्ष होत आलं तरी तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. जेवण वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर नाही.

म्हणून मला पांढरं बघायला बरं वाटायचं. त्यात कोणी नव्हतं.

२

सूर्य बरोबर कॅमेऱ्याच्या पाठीशी आला, की त्याला आम्ही शून्य अंश म्हणतो. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन मिठाच्या ढिगासमोर उभं राहावं, तसं. अशा वेळी प्रत्येक कणाची सावली त्या कणाच्याच मागे दडते. आपल्याला एकही सावली दिसत नाही आणि ढीग एकदम लखलखतो. चंद्राचंही तसंच होतं. शून्य अंशावर, बरोबर समोरच्या जागी, उजेडाचा एक गोळा उमटतो. बर्फ किती भुसभुशीत आहे, कण केवढे आहेत, हे त्या गोळ्यावरून कळतं. आम्हाला तोच हवा असायचा.

डिसेंबरात मी ती चित्रं तपासायला घेतली. पहिल्याच चित्रात त्या गोळ्याच्या मधोमध मला काळसर डाग दिसला. अगदी पुसट. पांढऱ्या भिंतीला तेलकट डोकं टेकलं की राहतो तसा.

धूळ असेल म्हणून मी दुसरं चित्र उघडलं. काचेवरची धूळ चित्रात एकाच जागी राहते. हा डाग चंद्राबरोबर सरकला होता. मग जमिनीवरचंच काहीतरी असेल म्हटलं. तिसऱ्या चित्रात चंद्र फिरून दुसरी बाजू समोर आली होती, तिथल्या भेगा वेगळ्या, खड्डे वेगळे. डाग मात्र पुन्हा गोळ्याच्या मधोमध. तो काचेवर नव्हता आणि जमिनीचाही नव्हता. जिथे उजेड सगळ्यात जास्त असायला हवा, नेमका तिथे तो होता.

दिलीप सर आमच्या गटाचे प्रमुख. माणूस शांत, मूळचे नाशिकचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना बोलावून चित्रं दाखवली. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"सावली म्हणावी तर," ते म्हणाले, "ती टाकणारं कुठे असायला पाहिजे?"

"सूर्य आणि चंद्राच्या मध्ये."

"मध्ये कुठे? कॅमेऱ्याच्या पुढे असतं तर चित्रात दिसलं असतं."

मला उत्तर माहीत होतं, पण ते तोंडाने म्हणायला मला आवडलं नाही. "म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे, सर."

"यानाची स्वतःची?"

"यान बसएवढं. त्याची सावली एवढ्या लांब पोचतच नाही."

"दुसरा एखादा चंद्र आडवा आला असेल."

"हिशेब करून पाहिला. त्या रेषेत कोणी नव्हतं."

सर हसले. "काही नव्हतं म्हण. कोणी काय?"

मीही हसले. सर म्हणाले, काहीतरी प्रक्रियेतला दोष असेल, ही चित्रं सध्या बाजूला ठेव. जाताना मात्र ते दारात थांबले आणि एकदा मागे वळून कॉरिडॉरमध्ये पाहून मग गेले.

३

मी चित्रं बाजूला ठेवली नाहीत. दोष असेल तर तो कुठून येतो हे शोधणं माझंच काम होतं. मी ती सगळी काढलेल्या तारखांप्रमाणे ओळीने लावली.

संध्याकाळच्या उन्हात भिंतीसमोर हात धरून बघा. हात भिंतीपासून लांब असला की सावलीची कड विरघळल्यासारखी दिसते. हात जवळ नेला की कड बांधली जाते. अगदी टेकवला की कात्रीने कापल्यासारखी. हे लहान पोरांनाही ठाऊक असतं.

सुरुवातीच्या वर्षांतल्या चित्रांत तो डाग नुसता धूर होता. नंतरच्या वर्षांत त्याला बाजू आल्या. शेवटच्या काही चित्रांत त्याला उंची होती, आणि वरच्या टोकाला तो थोडा पुढे वाकलेला होता. दाराच्या चौकटीखालून आत येताना उंच माणूस मान वाकवतो, तसा.

म्हणजे ते दरवेळी जवळ आलेलं होतं. यानाच्या मागून, चंद्राकडे. एवढं माझ्या डोक्यात आलं आणि मला माझ्या पाठीमागच्या खोलीची जाणीव झाली. पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कुणी नव्हतं. भर दुपार होती, खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. तरीही मी खुर्ची फिरवून भिंतीला पाठ लावून बसले, आणि त्या दिवशी लवकर घरी निघाले.

४

गल्लीच्या तोंडाशी कमलमावशी भेटली. शेजारच्याच घरातली, मायची जुनी मैत्रीण.

"हर्षदा, उषाबाई आता बरी दिसती हं," ती म्हणाली. "काल तर वांग्याचं भरीत केलं म्हणे. मला वाटी पाठवली."

मला धक्काच बसला. माझ्याही लक्षात आलं होतं की माय थोडी सावरतेय. केस विंचरायला लागली होती, सकाळी आपणहून चूल म्हणजे गॅस पेटवायची. पण भरीत, आणि सोबत कळण्याची भाकरी, हे योगराजचं जेवण. वर्षभरात घरात शिजलेलं नव्हतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. रस्त्याकडचं दार मावळतीला आहे आणि दारासमोरची आतली भिंत चुन्याने रंगवलेली. थंडीत ऊन खाली उतरलं की गल्लीतून सरळ दारात शिरतं आणि थोडा वेळ ती सगळी भिंत पेटल्यासारखी होते. चहूकडे यंत्रमागांचा आवाज असतो. आमच्याकडे तो कधी थांबत नाही. खटखट, खटखट, दिवसरात्र. आम्ही त्यातच झोपतो, त्यातच बोलतो.

मी उंबऱ्यात पोचले तेव्हा माय दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. मांडीवर हात, नजर भिंतीवर. तिच्या चेहऱ्याची एकच बाजू मला दिसत होती, आणि त्या बाजूला हसू होतं.

माझी सावली तिच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर पडली. माझी ओढणी, माझी पिशवी, सगळं ओळखू येत होतं. माझ्या सावलीशेजारी आणखी एक सावली होती. उंच, कडा विरघळलेल्या. वरच्या टोकाला पुढे वाकलेली.

माझ्यामागे गल्लीत कोणीतरी येऊन उभं राहिलं असणार. मी बाजूला होत वळले. गल्ली रिकामी होती. ऊन सरळ डोळ्यांत आलं. समोरच्या ओट्यावर एक बादली, दोरीवर वाळत घातलेली एक चादर, आणि त्यापलीकडे काही नाही. पुन्हा भिंतीकडे पाहिलं तर तिथे फक्त मी होते.

"वळनी का तू?" माय म्हणाली. वळलीस का? तिच्या आवाजात राग होता. वर्षभरात मी तिच्या आवाजात काहीही ऐकलं नव्हतं. "गया ना तो. गया तुन्यामुये." गेला, तुझ्यामुळे.

५

तिने मला शेजारी बसवलं. ऊन ओसरून भिंत राखाडी झाली होती. ती हळू आवाजात, शेजारी ऐकतील अशा भीतीने बोलत होती.

"दिवाळीपासून येतो," ती म्हणाली. माय माझ्याशी बोलताना कधी अहिराणी बोलते, कधी आमच्या शाळेतल्यासारखं. "पहिल्यांदा नुसतं अंधारल्यासारखं झालं. मी म्हटलं डोळे गेले. मग रोज. तो मांगे उभा राहतो. दारात येत नाही अजून. लाजतो."

"कोण, माय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"त्याला सवय होती ना," ती म्हणाली. "तू अभ्यासाला बसली की मांगे येऊन उभा राहायचा. वाकून बघायचा, ताई काय लिहिते. तसाच उभा राहतो."

ते खरं होतं. दहावीत असताना मी किती वेळा त्याला ढकललं असेल. उजेड अडवू नको रे, म्हणायचे.

"माय, कुणीतरी गल्लीतलं असेल. चादरीची सावली असेल."

"व्हई," ती म्हणाली. असेल. वाद घालायचं तिच्या मनात नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "गेलेलं मानूस मांगे येऊन उभं राहिलं तर वळून बघू नये. बघितलं की जातं. तू मांगे दखू नको, बेटा. माले तेवढंच शे."

मला तेवढंच आहे. तिने उठून दिवा लावला आणि मला भरीत वाढलं. ते अगदी पूर्वीच्या चवीचं होतं. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठले.

६

माणूस शिकलेलं असलं की त्याच्याकडे कारणं पुष्कळ असतात. मी ती सगळी वापरून पाहिली. सारखी चित्रं बघून डोळ्यांत तोच आकार बसला असेल. एखाद्या उजळ गोष्टीकडे टक लावून पाहिलं की नजर हटवल्यावरही काळा ठसा दिसत राहतो, हे तर मीच गल्लीतल्या मुलांना शिकवलेलं. दुःख झालेल्या घरात दोन माणसांना एकच भास होऊ शकतो. रविवारी समोरच्या ओट्यावर जाऊन मी ती चादर काढली, बादली हलवली, पत्र्याचा कोपरा बघितला. कुठूनही तसली सावली पडत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर, त्या आठवड्यात माझाही थोडा विश्वास बसायला लागला होता. संध्याकाळी मी मायच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसायचे. ऊन उतरायचं, आमच्या दोघींच्या सावल्या भिंतीवर यायच्या, आणि मग आमच्या दोघींच्या मधोमध, जणू बसायला जागा केली होती अशा ठिकाणी, तिसरी. मी वळायचे नाही. मानेवर गार लागायचं. भीती वाटायची, पण त्या भीतीच्या आत दुसरंच काही होतं. दोघा भावंडांत मी थोरली होते, आणि तो मला ताई म्हणायचा. कुणी पुन्हा वाकून बघत असेल तर बघू दे, असं वाटायचं.

सोमवारी कामावर गेले आणि सवयीने ती चित्रं उघडली. तारखांकडे माझी नजर गेली.

त्या तारखा मी कितीदा वाचल्या होत्या. पण त्या कधी आमच्या घरातल्या तारखा आहेत असं मला वाटलं नव्हतं. पहिला पुसट डाग ज्या वर्षीचा, त्या वर्षी योगराज शाळेत होता. मधल्या चित्रांच्या वर्षी तो गल्लीत पतंग उडवत होता, दहावीत नापास होऊन पुन्हा बसला होता. शेवटच्या, मान वाकवलेल्या चित्राच्या वर्षी त्याची नोकरी लागली आणि त्याने सगळ्या गल्लीला गरम डाळीचा लोचो खाऊ घातला होता.

तो जिवंत होता. आमच्यात होता. तेव्हाही हे, जे काही होतं ते, तिकडून निघालेलं होतं.

७

मायला मी हे सांगितलं नाही. कसं सांगणार? ती संध्याकाळची वाट बघत दिवस काढायची. दुपारपासून घर झाडायची, दारापुढे रांगोळीची चार बोटं ओढायची. तिच्या गालावर रंग आला होता. एकदा ती गुणगुणताना मी ऐकली.

पण भिंतीवरची कड बांधली जात होती. रोज थोडी. मायला त्यात आनंद होता. "जवळ उना," ती म्हणायची. जवळ आला. मी मात्र मोजायची सवय झालेल्या नजरेने बघत होते. उंची वाढत नव्हती. नुसती कड. खांद्यासारखं काहीतरी वेगळं दिसायला लागलं होतं, आणि ते खांदे योगराजचे नव्हते. इतके उतरते खांदे मी कुणाचेच पाहिले नाहीत.

शेवटी एका संध्याकाळी मी ऊन यायच्या आत उठून दार लावून घेतलं, कडी घातली.

"उघड," माय म्हणाली.

"थंडी आहे, माय."

"उघड, हर्षदा."

"तो योगराज नाही." माझ्या तोंडून निघून गेलं. "माय, तो योगराज नाहीये. ते कोण आहे मला माहीत नाही."

ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू, आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं मारेल. तिने माझ्या गालावर हात ठेवला.

"माले वाटस ना तो," ती म्हणाली. मला वाटतो ना तो. "एवढं बी वाटू देशील नही?"

तिनेच कडी काढली. तिला अडवण्याची ताकद माझ्यात नव्हती.

८

ऊन आत आलं. आम्ही दोघी भिंतीसमोर बसलो.

पहिल्यांदा आवाज गेला. मागांची खटखट थांबली असं नाही. ती कुठेतरी लांब, गादीखाली दाबल्यासारखी झाली. लहानपणापासून त्या आवाजाशिवाय मी कधी राहिले नव्हते. कानात नुसता माझा श्वास उरला. मग गारवा आला. आमच्या सुरतेत थंडी अशी नसतेच. ही पाठीवरून वर चढत गेली, जणू मागे कुणी मोठं कपाट उघडं ठेवलंय आणि त्याच्या आत काहीच नाही.

भिंतीवर मायची सावली होती, माझी होती आणि मधे ती. कात्रीने कापल्यासारखी. आता ती भिंतीच्या इतकी जवळ होती की ती उंबऱ्याच्या आत असणार, आमच्या पाठीशी अगदी हाताच्या अंतरावर. बाजूला लोंबणारे हात दिसत होते. हातांना बोटं होती. ती मी मोजली नाहीत.

"उंबरा वलांडा त्यानी," माय पुटपुटली. उंबरा ओलांडला त्याने. "लेक घरात येस, आनि माय पाठ करी बठस. हाई काय रीत शे का?"

"माय, नको. तूच म्हणालीस ना, बघायचं नाही."

"बोलावानं नही तर तो बसी कसा?" बोलावलं नाही तर तो बसेल कसा?

आणि ती वळली.

मी वळले नाही. मी तिचा चेहरा बघत होते. त्यावर इतका उजेड आला की मला ती तरुण असतानाची आठवली. ओठ हलले, "उना का रे भाऊ," एवढं म्हणाली, योगराजला लाडाने म्हणायची तसं. मग तो उजेड तिथेच थांबला. बस स्टँडवर आपण कुणाला हात करावा, आणि तो माणूस जवळ आल्यावर दुसराच निघावा, तसं झालं. ती बघत राहिली. वरपासून खालपर्यंत. तिच्या डोळ्यांत मी भीती शोधत होते. थोडी होती. पण ती टिकली नाही.

"हाऊ आपला नही," ती मला म्हणाली. हा आपला नाही.

"माय, इकडे बघ. माझ्याकडे बघ."

तिने ऐकलं नाही. ती उठून उभी राहिली आणि मागच्याकडे बघत, कुणाच्या दारात भुकेलं माणूस आलं असावं तशा आवाजात म्हणाली, "कोनं लेकरू शे रे तू? तुनी माय वाट दखत व्हई ना." कुणाचं लेकरू तू, तुझी माय वाट बघत असेल ना.

सावलीचं डोकं आणखी खाली वाकलं.

दाराशेजारच्या खुंटीवर योगराजचा स्वेटर होता. निळा, कोपरावर विटलेला. वर्षभर तिने तो कुणाला हलवू दिला नव्हता, धुऊही दिला नव्हता. मी भिंतीवर तिची सावली खुंटीकडे जाताना पाहिली. हात वर गेले, खाली आले. मग ती त्या दुसऱ्या सावलीच्या समोर उभी राहिली, टाचा उंचावून, लहान मुलाला कपडे घालताना आपण हात धरून धरून बाहीत घालतो तसे तिचे हात हलत होते. थोडा वेळ दोन्ही सावल्या एकच झाल्या. मला हाक मारायची होती.

मग ती दोघं दाराकडे सरकली. भिंतीवरच्या कडा सैल होत गेल्या, विरघळत गेल्या. पाहुण्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जातात तशी माय गेली असावी. भिंतीवर मी एकटी उरले, आणि थोड्याच वेळात ऊनही गेलं.

कधीतरी मागांचा आवाज परत आला. इतका मोठा, की मी कानांवर हात ठेवले.

९

माय परत आली तेव्हा दिवे लागले होते. कमलमावशी तिला हात धरून घेऊन आली. "गल्लीच्या टोकाला उभी होती एकटीच," ती मला म्हणाली. "आणि हात बघ, बर्फासारखे गार." मायची बोटं खरंच पांढरी पडली होती. मी ती माझ्या हातांत घेऊन चोळत बसले. मावशीने चहा केला आणि ती गेली.

मग माय रडली. योगराज गेला त्या दिवसापासूनचं सगळं एकदम. भिंतीवर डोकं टेकून, त्याचं नाव घेऊन, गावाकडे बायका रडतात तशी लांब लांब सूर काढत. शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. कुणी आत आलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"योगराज आते येवाव नही, पोरी," ती म्हणाली. आता यायचा नाही.

"नाही, माय."

त्यानंतर दार संध्याकाळी उघडंच असतं. भिंतीवर आमच्या दोघींच्या सावल्या पडतात, एवढंच. माय पुन्हा थकली. भरीत करत नाही. पण जेवते, रडू आलं की रडते, कमलमावशीशी बोलते. दिलीप सरांना मी सांगितलं की शून्य अंशाची चित्रं मला नकोत, दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. ती त्यांनीही कुणाला दिली नाहीत असं नंतर कळलं.

तिने काय पाहिलं हे मी एकदाच विचारलं. सकाळची वेळ होती, ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

"कुडकुडी ऱ्हायंतं बिचारं," एवढंच ती म्हणाली. कुडकुडत होतं. मग माझ्याकडे न बघता, "तू ते बरफनं काम करस ना, चंद्रनं. तठे लई थंडी शे का?"

तिथे किती थंडी आहे ते मला ठाऊक आहे. तो आकडा मी रोज वापरत होते. त्या थंडीत हवा द्रव होते, लोखंड काचेसारखं फुटतं.

"नाही गं माय," मी म्हणाले. "इतकी नाही. अंगात स्वेटर असला की भागतं."

तिने मान हलवली आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.